रोज तोच डबा, त्याच बायका, आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नाही

कृष्णाकाठची | ४ ऑगस्ट, रात्री १०.४०

नमस्कार. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आज लिहूनच टाकते.

मी ३२ वर्षांची, मूळची सांगलीची. लग्न होऊन जानेवारीच्या शेवटी बदलापूरला आले. नवऱ्याची नोकरी अंबरनाथच्या एमआयडीसीत, माझी फोर्टात, अकाउंट्समध्ये. सकाळी सातनंतरची बदलापूरहून सुटणारी गाडी, मधला लेडीज डबा, सेकंड क्लास. गाडी इथूनच सुटते म्हणून रोज बसायला मिळतं. पुढे सव्वा तास.

त्या डब्यात दहा-बारा जणींचा ग्रुप आहे. काही बदलापूरला चढतात, काही अंबरनाथला. भाजी निवडतात, कुणाच्या मुलाचं अॅडमिशन, कुणाच्या सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं चालू असतं. सहा महिने मी त्यांच्याच बाजूला, खिडकीशी बसते आणि एक शब्द बोललेले नाही.

जुलैत त्यांच्यातल्या एकीचा वाढदिवस होता. पोपटी ड्रेस घालून आली होती. स्टीलच्या डब्यातून घरी केलेला ढोकळा आणला होता, वर खोबरं-कोथिंबीर. ग्रुपमध्ये वाटून झाल्यावर तिने डबा माझ्यापुढे धरला. म्हणाली, "घे ना, घरचा आहे." आणि मी "नको, थँक्यू" म्हणून कानात इअरफोन घातले. गाणं चालूही नव्हतं. तिचा हात क्षणभर तसाच राहिला, मग ती वळली. मला भूक लागली होती, ढोकळा आवडतोही. तरी तोंडून "नको" गेलं. पुढचे चार दिवस मी दुसऱ्या डब्यात चढले.

सांगलीला मला कधी मैत्री "करावी" लागली नाही. वाड्यात सहा बिऱ्हाडं, शाळा चालत दहा मिनिटांवर, पहिलीतल्या मुलीच बारावीपर्यंत वर्गात. मैत्रिणी होत्याच, श्वास घ्यावा तशा. इथे आल्यावर पहिल्यांदा कळलं की ही गोष्ट मला येतच नाही. नवरा चांगला आहे, पण त्याची शिफ्ट. रविवारी आईशी फोनवर बोलते तेव्हा आठवडाभरात आपला आवाज आपणच फारसा ऐकला नाही असं वाटतं.

डोळ्यांत बघून हसा, आत्मविश्वासाने हात पुढे करा, असे व्हिडिओ पाहिले. लोकलमध्ये कुणापुढे हात करू? सहा महिने गप्प बसल्यावर सुरुवात कशी करतात? आणि बोलायचं कशावर? मला मूल नाही, मालिका मी बघत नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, प्लीज.

---

जलद_लोकल | ४ ऑगस्ट, रात्री ११.१५

वेगळं मत आहे, राग मानू नका. मी कल्याणला चढते. बदलापूर-अंबरनाथच्या ग्रुपवाल्या पर्स ठेवून जागा अडवतात, तिघींच्या बाकावर चौथी बसते त्या चौथ्या सीटलाही सरकत नाहीत. पोटुशी असताना मी ठाण्यापर्यंत उभी राहिले आहे आणि समोर तीन सीट "येतेय, येतेय" म्हणून धरलेल्या. तुम्ही जरूर मैत्री करा. फक्त ग्रुपमध्ये गेलात की कल्याणला चढणाऱ्यांकडेही बघा.

---

शेवंती_अंबरनाथ | ५ ऑगस्ट, दुपारी २.०५

अगं, तुझं वाचून मी दुपारची झोप सोडून लिहायला बसले.

मी अंबरनाथहून १९८९ ते २०१८, एकोणतीस वर्षं हा प्रवास केला. मुंबईच्या शेवटच्या स्टेशनला सुरुवातीला व्हीटीच म्हणायचो, सीएसटी नाव १९९६ मध्ये आलं. तेव्हा आपल्या लाइनीला बायकांसाठी डबे तेवढे होते. पश्चिमेला ५ मे १९९२ ला अख्खी लेडीज स्पेशल सुरू झाली तेव्हा आम्हा मध्यवाल्यांना फार हेवा वाटला होता.

माझेही पहिले पाच महिने तुझ्यासारखेच गेले. दाराच्या आत दांड्याला धरून उभी राहायचे. बोलणाऱ्या बायका म्हणजे एकाच घरातल्या आहेत आणि आपण पाहुणे, असं वाटायचं. मग एकदा उल्हासनगरच्या आसपास माझ्या पर्सचा बंद तुटला. आत पगाराचे पैसे होते, म्हणून पर्स पोटाशी धरून उभी. समोर बसलेल्या बाईला म्हटलं, "पिन आहे का हो?" तिच्या हातातल्या बांगडीत चार सेफ्टी पिना अडकवलेल्या होत्या. तिने त्यातली मोठी काढली, दातात धरली, माझी पर्स स्वतःच्या मांडीवर ओढून घेतली आणि बंदाला दोन घड्या घालून आरपार टोचून दिली. "घाटकोपरला जपून, तिथे ओढाओढ होते," म्हणाली. बस, एवढंच. ती ठाण्याला उतरली.

त्या दिवशी मैत्री झाली नाही, हे नीट लक्षात घे. ती दुसऱ्या दिवशी झाली. मी बंद शिवून घेतला आणि सकाळी तिची पिन तिला परत केली. ती म्हणाली, "अगं, पिन कोण परत करतं?" मी म्हटलं, "काल तुमच्यामुळे घरी नीट पोचले." मग तिने विचारलं, कुठे उतरतेस, ऑफिस कुठे, माहेर कुठलं. महिन्याभराने ती ठाण्याला उठायच्या आधी मला डोळ्यांनी खूण करायची, म्हणजे तिची सीट माझी.

एकोणतीस वर्षांत मला कळलेली गोष्ट एवढीच आहे. पहिल्या बोलण्याला फार महत्त्व नाही, ते कसंही होऊ दे. दुसऱ्या दिवशी त्याचा धागा उचललास की माणूस तुझं होतं. कुणी म्हणालं, "आज उशीर झाला, पोराचा गणिताचा पेपर आहे," तर "अच्छा" म्हणून गप्प बसू नकोस, "कितवीला आहे?" विचार. आणि उद्या सकाळी बसल्या बसल्या, "पेपर कसा गेला?" घरात नवरासुद्धा विचारायला विसरलेला असतो. जिने लक्षात ठेवलं तिला कुणी परकं समजत नाही. म्हणून विषय कुठला, याची काळजी करू नकोस. तुला मालिका बघायला नकोत, मूलही लागत नाही. कान उघडे ठेव म्हणजे झालं.

आता ढोकळ्याचं. माफी मागत बसू नकोस. तू सांगलीची ना? भडंग कर. तुमच्याकडचे चुरमुरे मिळाले तर उत्तम. लसूण सालीसकट ठेचून तेलात लाल होऊ दे, शेंगदाणे, कढीपत्ता, मेतकूट, पिठीसाखर अगदी चिमूटभर. हे मी तुला काय सांगणार! डबा मोठा नेऊ नकोस, कागदाचे द्रोण ने, म्हणजे हात तेलकट होत नाहीत. आणि पोपटी ड्रेसवालीपुढे पहिला द्रोण धर. "त्या दिवशी घेतला नाही, मला जरा बोलायला वेळ लागतो," एवढं एक वाक्य खरं खरं बोल. बायकांना खरं कळतं. मग कुणीतरी विचारेलच, लसूण किती घालतेस. तिथून पुढे तुला काही करावं लागणार नाही.

आणि कुणी काही पुढे केलं की "नको" म्हणायचं नाही. उपास असेल तर "उपास आहे, रुमालात बांधून द्या" म्हणायचं.

दोन गोष्टी मात्र कधी करू नकोस. एकीचं ऐकलेलं दुसरीला सांगायचं नाही, आमचा एक चांगला ग्रुप तेवढ्याने फुटला. आणि न विचारता उपाय सांगायचा नाही. सासूचं गाऱ्हाणं सांगणारीला सासू बदलून नको असते, कुर्ल्यापर्यंत कुणी ऐकून घ्यायला हवं असतं.

हे सगळं कशासाठी, तर २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. आमची गाडी विक्रोळीच्या पुढे थांबली ती थांबलीच. अंधार पडायला लागला तशा आम्ही अकरा जणी ओढण्या, पदर एकमेकींना बांधून रुळांतून चालत निघालो. मुलुंडला त्या पिनवाल्या बाईचा भाऊ राहायचा. त्याच्या दोन खोल्यांत आम्ही अकरा जणी रात्रभर. वहिनीने स्वतःच्या कोरड्या साड्या काढून दिल्या, पिठलं-भात केला. फोन बंद, माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची, घरी सासूबाईंजवळ. रात्री मी रडले तेव्हा पाठीवरून हात फिरवणारी बाई सोळा वर्षांपूर्वी मला फक्त एक पिन देऊन गेली होती.

जलद_लोकल, तुमचं म्हणणं बरोबर आहे. आम्हीही जागा धरल्या आहेत, आणि ते चुकलंच. पोटुशी बाई उभी असताना तर फारच चुकलं.

---

कृष्णाकाठची | ५ ऑगस्ट, रात्री ९.५०

काकू, काय लिहू. दोनदा वाचलं आणि नवऱ्यालाही वाचून दाखवलं. भडंग नक्की करते, चुरमुरे आई एसटीने पाठवेल.

एक लिहायचं राहिलं होतं. बोलायचं ठरवलं की छातीत धडधडतं, तळहाताला घाम येतो. आज सकाळी "किती वाजले" एवढंही विचारता आलं नाही. हे नुसतं लाजाळूपण आहे की आणखी काही?

---

ओंजळभर | ६ ऑगस्ट, सकाळी ८.२०

तुमच्या शेवटच्या प्रश्नापुरतं लिहिते, कारण मी त्यातून गेले आहे.

नव्या माणसांशी बोलताना धडधडणं अनेकांना होतं. माझं त्यापुढे गेलं होतं. ऑफिसात चहाला चार जण उभे असले तर मी जिन्यावरून परत फिरायचे. दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगच्या धास्तीने आदल्या रात्री जुलाब व्हायचे. लग्नकार्यं टाळली, बढतीची मुलाखतसुद्धा टाळली. महिनोन्महिने असं भीतीने कामं अडायला लागली तर मदत घ्यावी. त्याला सामाजिक चिंतेचा विकार म्हणतात, आणि त्यावर उपचार आहेत. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी सेवेचा नंबर आहे. तो ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं. मी तिथूनच सुरुवात केली आणि मग समुपदेशकांकडे गेले.

त्यांनी मला एक वही करायला लावली होती, ती तुम्हालाही चालेल. डाव्या पानावर बोलायच्या आधी लिहायचं, "काय होईल असं वाटतंय". उजव्या पानावर नंतर, "काय झालं". माझ्या डाव्या पानावर असायचं, "मी चहाच्या घोळक्यात गेले तर सगळे गप्प होतील." उजवीकडे, "एकाने सरकून जागा दिली, बाकीचे क्रिकेटवर बोलत राहिले." चाळीसेक पानं भरल्यावर डावी बाजू आपोआप लहान झाली.

आणि पायरी फार लहान घ्या. "किती वाजले" जमलं नाही, तर आठवडाभर नुसती मान हलवा. तेही वहीत लिहा.

---

टेकडीवाला_निगडी | ६ ऑगस्ट, रात्री १०.३०

शेवंतीकाकूंचा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवावा असा आहे. मी वाशिमहून नोकरीसाठी निगडीला आलो, दोन वर्षं एकटा होतो, म्हणून थोडी भर घालतो.

कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. ओळखीचा माणूस साधारण मित्र होईपर्यंत सुमारे ५० तास एकत्र जातात, मित्र म्हणावं इतकं व्हायला ९० च्या आसपास, आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. तुमचा प्रवास रोज दोन वेळचा धरला तर आठवड्याला साडेबारा तास, म्हणजे चार आठवड्यांत ५० तास. मात्र नुसतं शेजारी बसून किंवा एकत्र काम करून हे तास भरत नाहीत, गप्पा आणि हसणं-खिदळणं त्यात लागतं. तुमचे सहा महिने वाया गेले असं मी म्हणणार नाही, चेहरे ओळखीचे झालेत. पण मीटर अजून पडलेला नाही.

त्याच वर्षी एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांचा आणखी एक अभ्यास आला. दोन अनोळखी माणसांना बोलायला लावलं आणि नंतर विचारलं, समोरच्याला तुम्ही किती आवडलात? बहुतेकांनी प्रत्यक्षापेक्षा कमी सांगितलं. वसतिगृहात एकत्र राहणाऱ्या मुलांमध्ये तर हा गैरसमज कित्येक महिने टिकला. पोपटी ड्रेसवाल्या ताईंच्या मनात तुमच्याबद्दल जे आहे असं तुम्हाला वाटतंय, ते बहुधा तसं नाही.

काकूंशी एकाच बाबतीत थोडा मतभेद. एकदम ग्रुपपुढे डबा उघडणं लाजऱ्या माणसाला जड जातं. मला तरी गेलं असतं. मी दुर्गा टेकडीवर उन्हाळ्यात झाडांना पाणी घालणाऱ्यांबरोबर जायला लागलो. प्रत्येकाच्या दोन्ही हातांत पाच लिटरचे कॅन. नजर मिळवावी लागत नाही, चढताना दम लागतो म्हणून वाक्यं आपोआप छोटी होतात. तिथे एक निवृत्त फिटर काका होते. महिनाभर फक्त त्यांच्याशीच बोलायचो, तेही बहुतेक कडुलिंब जगला की नाही एवढंच. बाकीचे त्यांच्यामुळे ओळखीचे झाले. तेव्हा आधी एक माणूस पकडा, शेजारी बसणारं. समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी बसून बोलणं सोपं जातं.

---

कृष्णाकाठची | २४ सप्टेंबर, रात्री १०.१०

पन्नास दिवसांनी आलेय. काय झालं ते सांगायलाच हवं.

मान हलवणं आठवडाभर जमलं. मग गणपतीच्या आधी भडंग करून नेलं, द्रोणांसकट. त्या दिवशी डब्यात शांतता होती, कुणीच हसत-बोलत नव्हतं. माझ्या शेजारी बसणाऱ्या ताईंची आई आदल्या रात्री हॉस्पिटलात दाखल झाली होती, हे बोलण्यातून कानावर आलं. मी डबा पिशवीतून काढलाच नाही. ऑफिसात वाटून टाकला. घरी येऊन वहीत उजव्या पानावर लिहिलं, "काहीच झालं नाही."

दुसऱ्या दिवशी त्या ताई आल्या, बसल्या, पर्स मांडीवर घेतली. अंबरनाथ गेलं, उल्हासनगर गेलं. काकूंचं वाक्य डोक्यात होतं. विठ्ठलवाडीला मी विचारलं, "आईंना बरं आहे का आता?" आवाज इतका बारीक निघाला की गाडीच्या खडखडाटात त्यांना ऐकूच गेलं नसेल असं वाटलं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि ठाण्यापर्यंत सांगत होत्या. ऑक्सिजन, भावाचं न येणं, रात्री बाकावर झोपणं, पहाटे घरी येऊन डबा करणं. मी तीन-चार वाक्यं बोलले असेन. उतरायच्या आधी म्हणाल्या, "नाव काय गं तुझं? आम्ही तुला खिडकीवाली म्हणतो. जुलैत चार दिवस दिसली नाहीस, तर वाटलं गाव सोडून गेलीस की काय."

मी दिसत नव्हते हे त्यांना माहीत होतं. मला ऑफिसात दिवसभर तेच आठवत होतं.

भडंग पुढच्या आठवड्यात पुन्हा केलं. पोपटी ड्रेसवाल्या ताईंना ते एक वाक्य बोलले. त्या म्हणाल्या, "अगं, मला वाटलं तुला गोडसर ढोकळा चालत नसेल." त्यांच्या मनात एवढंच होतं, आणि मी चार दिवस डबा बदलला होता. लसूण किती, हा प्रश्न तीन जणींनी विचारला.

सगळं सुरळीत आहे असं नाही. काही दिवस मी अजूनही गप्प असते. एक ताई माझ्याशी अजून तुटक वागतात, का ते मला कळलेलं नाही. संध्याकाळी सगळ्यांच्या वेळा वेगळ्या, त्यामुळे परतीला एकटीच असते. पण परवापासून नवरात्राचे रंग चालू आहेत. मंगळवारी माझ्याकडे त्या रंगाचं काही नव्हतं तर शेजारच्या ताईंनी त्यांची ओढणी आणून दिली. त्या दिवशी काढलेल्या फोटोत मी डावीकडून तिसरी आहे. ताईंच्या आई घरी आल्यात, वॉकर घेऊन चालतात. जलद_लोकल, कल्याणला आता मी चौथ्या सीटला सरकते, आणि शेजारच्या ताईही सरकतात.

काकू, दसरा गुरुवारी, म्हणजे सुट्टी. लोकलच्या डब्याची पूजा आदल्या दिवशी, बुधवारी आहे. झेंडू मी आणते म्हणाले, आपसूक तोंडातून गेलं. मंगळवारी ऑफिस सुटल्यावर दादरला उतरून फूल मार्केटातून घेईन. पण तोरण कुठे बांधतात आणि फुलं किती लागतात? कधी केलेलं नाही आणि तिथे विचारायची अजून लाज वाटते.

---

शेवंती_अंबरनाथ | २५ सप्टेंबर, सकाळी ७.१५

फुलं चार किलो घे, थोडी सुटी उरू देत. दादरला गर्दी प्रचंड असेल, पिशवी कापडी ने, प्लॅस्टिकमध्ये झेंडू घामेजतो आणि काळा पडतो. रात्री फुलं वर्तमानपत्रावर पसरून ठेव, पाणी मारू नकोस. ओवायला साधा दोरा घेऊ नकोस, सुतळी आणि दाभण घे. दोरा दिवा स्टेशन यायच्या आत तुटतो.

तोरण दाराला आडवं बांधायचं नाही, चढणाऱ्यांच्या डोक्याला लागतं आणि कल्याणपर्यंत त्याचा चुरा होतो. आत कड्यांच्या वर जो आडवा दांडा असतो त्याला गुंडाळत न्यायचं. खिडक्यांना एकेक छोटी माळ. आंब्याची पानं मिळाली तर दोन फुलांमध्ये एक. पेढे कोण आणतंय ते आजच विचारून घे, नाहीतर तिघी आणतात आणि कुंकू कुणीच आणत नाही. आणि ओवायचं काम एकटीने घरी बसून करू नकोस. सुतळी तुकडे करून ने, गाडी सुटल्यावर शेजारणीच्या हातात एक दे.